मंडईच्या नाटक कमिटीला खुलं पत्र: तुमच्या महाबलीले काय जमत नाही ते आधी सांगा

नाटक कमिटीच्या साऱ्या पोट्ट्यांनो, तसेच माननीय अध्यक्ष, खजिनदार आणि तिन्ही उपाध्यक्ष (एकाचं नाव राहिलं तर तो आठ दिवस दुकानासमोरून गाडी रेस करत जाते, म्हणून तिघंही),

रामराम.

तुमच्या 'महाबली' नाटकाची वही माझ्या दुकानात टायपिंगला येऊन आज नऊ दिवस झाले. दर दोन दिवसाला तुमच्यातलं कोणीतरी येते, "काका, झालं का जी?" म्हणून विचारते आणि मी सांगतो प्रिंटरची शाई संपली. शाई संपली नाही. मी टाइप करता करता वाचत गेलो आणि पान २३ वर हात थांबला तो थांबलाच, ही खरी गोष्ट आहे. आणि ती खुल्या पत्रात लिहून राहिलो कारण एकेकट्याला सांगितलं की तो म्हणते मी नाही लिहिला तो प्रवेश, त्यानं लिहिला.

आधी चांगलं बोलतो. यंदा मंडईला, म्हणजे आपल्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, वडशाची नाटक कंपनी न आणता गावानं स्वतःचं नाटक लिहायचं ठरवलं, याला छाती लागते. दिवाळी झाली की वडशातून नाटकं झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, गावागावात निघतात, लोकांना तिथले नट तोंडपाठ आहेत, भाऊबीजेला माहेरी आलेल्या पोरी सुद्धा विचारतात यंदा कोणती पार्टी. २०२३ ला झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या पारावर तुम्हीच पेढे वाटले होते. अशा लोकांसमोर तुम्ही उभे राहणार आहात, रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत माणूस शाल गुंडाळून बसला पाहिजे. म्हणून जरा टोचून बोलतो, राग आला तर चहा प्यायला या.

आता तुमचा महाबली. पहिल्या अंकात तो नागभीडची रेल्वे एका हातानं थांबवते. दुसऱ्यात फुंकर मारते आणि गोसीखुर्द धरणाचं पाणी थेट धानाच्या बांध्यांमध्ये येते (भूमिपूजन १९८८ चं, मी तेव्हा शाळेत होतो, हा प्रवेश करुण लिहिला असेल तर सांगून ठेवतो, लोक हसतील). बंदुकीची गोळी लागत नाही, विष चढत नाही, मनातलं वाचते, उद्याचं दिसते. तिसऱ्या अंकात खलनायकाची एन्ट्री होते आणि महाबली त्याला एका थापडीत संपवते. बरं, मग रात्री साडेबारालाच नाटक संपलं ना लेकहो. पुढचे चार तास लोकांनी काय पाहायचं, तुमच्या अध्यक्षाचा सत्कार?

मी तुमच्यातल्या एकाला विचारलं की हा हरते कशानं? तो म्हणे, "हरतच नाही ना काका, सर्वशक्तिमान आहे तो." शेजारी चौथीतलं एक पोरगं आधार कार्डाची झेरॉक्स काढायला उभं होतं, त्यानं विचारलं, "मंग तो एवढा मोठा गोटा बनवू शकते का, की त्यालेच उचलला नाही पायजे?" तुमचा लेखक पाच मिनिट विचार करत होता. पोरगं झेरॉक्स घेऊन निघून गेलं.

तुम्ही म्हणाल सुपरमॅनचं चालते ना मग आमचं काऊन नाही. चला, सुपरमॅनचंच पाहू. १९३८ ला जेरी सीगल आणि जो शस्टर या दोन पोरांनी तो काढला, अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात. त्या पहिल्या सुपरमॅनला उडताच येत नव्हतं! उडी मारायचा. एका उडीत मैलाचा आठवा हिस्सा, म्हणजे आपल्या पारापासून शाळेच्या गेटपर्यंत समजा. एक्सप्रेस गाडीपेक्षा जोरात पळायचा, आणि कातडी अशी की तोफेचा गोळा अंगावर फुटला तरच भेदली जाईल. म्हणजे पाहा, किती जोर आहे आणि कुठं संपते हे पहिल्याच पानावर सांगून टाकलं होतं. मग वाचक वाढले तसा जोर वाढत गेला, उडायला लागला, भिंतीपलीकडचं दिसायला लागलं, पुढं पुढं तर ग्रह ढकलायला लागला. आणि मग लिहिणाऱ्यांचीच पंचाईत झाली की याच्यासमोर आता उभं कोणाला करायचं. १९४३ ला रेडिओवरच्या त्याच्या मालिकेत क्रिप्टोनाइट आलं, त्याच्याच फुटलेल्या ग्रहाचा दगड, जवळ आणला की हा गडी लुळा. कॉमिक्समध्ये तो दगड आला १९४९ ला. आणि १९८६ ला तर कॉमिक्सच्या कंपनीनं त्याची गोष्टच पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि ताकद चांगली खाली आणली. पिढ्यानपिढ्या पैसा कमावणारा हिरो, त्याची पण शक्ती कापावी लागली, आपली तर एका रात्रीची मंडई आहे.

पण मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते लढाईच्या काळातलं आहे, जरा नीट वाचा. १९४० ला लुक नावाच्या मासिकात याच दोघांनी दोन पानांची गोष्ट केली, सुपरमॅननं लढाई कशी संपवली असती. तर तो जाते, हिटलरची कॉलर धरते, स्टालिनला उचलते आणि दोघांना जिनिव्हाला राष्ट्रसंघासमोर नेऊन आपटते. संपली लढाई. वाचायला मजा आली असेल लोकांना. पण डिसेंबर १९४१ नंतर अमेरिकाच लढाईत उतरली, आता ज्या घरात सुपरमॅनचा पेपर येत होता त्याच घरातला मोठा भाऊ लढायला गेलेला. आता हा हिरो दोन पानांत लढाई संपवू शकत असेल तर लहान भावानं काय विचारायचं? मग १९४२ ला वर्तमानपत्रातल्या पट्टीत त्यांनी एक युक्ती केली. क्लार्क केंट, म्हणजे साध्या कपड्यातला सुपरमॅन, सैन्यात भरती व्हायला जाते, डोळ्याची तपासणी असते, आणि याची नजर भिंतीतून आरपार जाते, तर तो चुकून बाजूच्या खोलीतला तक्ता वाचते. नापास! घरी परत. हसू येते वाचून, पण मला त्या लिहिणाऱ्यांचं कौतुक वाटते. जिथं खरी माणसं मरून राहिली होती तिथं त्यांनी आपल्या खोट्या हिरोला नेलं नाही, स्वतःच त्याला दारातून मागं ओढलं.

आता पान २३. महाबली वाघाची शेपटी धरून गरगर फिरवते आणि वाघाला ताडोबात फेकून देते.

पोट्टेहो, हे पान लिहिताना तुमच्या डोळ्यासमोर कोण बसलं होतं? ब्रह्मपुरीच्या या पट्ट्यात आपण राहतो. मोहफुलाच्या टाइमाला, तेंदूपत्त्याच्या टाइमाला बाया पहाटे जंगलात जातात, आणि ज्या घरचं माणूस परत आलं नाही ती घरं तुम्हाला माहीत आहेत, मी इथं नावं घेत नाही. ते लोक पण येतील मंडईला. दरवर्षी येतात, पुढंच बसतात, बायांच्या बाजूनं, बोरीचं झाड आहे तिथं. तुमचा महाबली शेपटी फिरवल तेव्हा टाळ्या पडतील, शिट्ट्या वाजतील, आणि तिथं बसलेली एखादी म्हातारी मनात म्हणल, त्या दिवशी कुठं होता बापा तू. याचं उत्तर तुमच्या वहीत पाहिजे. नसेल तर वाघ काढा.

मी असं म्हणत नाही की वाघ नाटकात आणूच नका. आणा. पण मग तुमच्या हिरोला तिथं काय जमत नाही ते पण आणा.

न जमण्याची गोष्ट कशी लिहायची हे पाहायचं असेल तर अल्लादीनचं १९९२ चं कार्टून पाहा, लहान पोरांचं आहे म्हणून नाक मुरडू नका. जिन बाहेर निघते, वाट्टेल ते देतो म्हणते, आणि तिथंच हातोहात सांगून टाकते, कोणाला मारणार नाही, कोणाला कोणाच्या प्रेमात पाडणार नाही, मेलेल्याला परत आणणार नाही, आणि इच्छा तीनच, त्या वाढवून मागायच्या नाहीत. वरून हा एवढा मोठा जिन स्वतः दिव्याचा गुलाम, स्वतःला सोडवू शकत नाही. या गोष्टी आपण हसत हसत ऐकून घेतो. आणि शेवटी तो जाफर जिंकत आलेला असते, सारं त्याच्या हातात, तेव्हा अल्लादीन त्याला फक्त डिवचते की तुझ्यापेक्षा जिन मोठा. जाफर म्हणते मले जिन बनव. बनते. आणि जिन म्हणजे दिवा आलाच, गेला आत! कोणी थापड मारली नाही त्याला. जे पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं तेच त्याच्या गळ्यात पडलं. असं झालं की प्रेक्षकाला वाटते अरे हे तर मला माहीत होतं, मी विसरलो कसा. त्या वाटण्यासाठी माणूस रात्रभर थंडीत बसते.

आपल्याकडं हे नवीन आहे का? भस्मासुराची गोष्ट आपण दंडारीत, म्हणजे आपल्या गावच्या लोकनाट्यात, लहानपणापासून पाहिली, हात ठेवीन तो भस्म, मग त्याचाच हात त्याच्याच डोक्यावर. हिरण्यकशिपूनं तर वर मागताना वकिलासारखं एक एक कलम लिहून घेतलं, माणसानं नाही जनावरानं नाही, दिवसा नाही रात्री नाही, घरात नाही बाहेर नाही. अन् दोन्हींच्या मधली जागा तेवढी राहून गेली, उंबरठा राहिला, सांजवेळ राहिली. रामटेकच्या गडावर वाकाटकांच्या वेळची नरसिंहाची दोन देवळं आहेत, शाळेच्या सहलीत गेलो होतो तर आमचे गुरुजी मूर्तीसमोर उभे राहून म्हणे, पोरांनो, याले मागता आलं सारं, पण सांजवेळ याच्या ध्यानात आली नाही. मी तेव्हा डब्याकडं पाहत होतो. पण आठवते अजून.

डोरेमॉनचं एक वाक्यात सांगतो कारण तुमच्या घरची लेकरं माझ्यापेक्षा जास्त सांगतील, बाविसाव्या शतकातला यंत्राचा बोका, पोटाच्या खिशातून काहीही काढते आणि उंदीर दिसला की बोंबलत पळते. तो जपान्यांचा सैतामा पण पाहा, वन पंच मॅन, तुमच्यातला एक जण त्याचा टीशर्ट घालून फिरते म्हणून सांगतो. तो तर खरंच एका बुक्कीत सारं संपवते, तुमच्या महाबलीसारखाच. पण त्या लिहिणाऱ्यानं काय केलं, बुक्कीची गोष्टच केली नाही. एका बुक्कीत सारं संपते म्हणून त्या माणसाचा जीव उबगला, लढाईत मजा उरली नाही, डास मारता येत नाही, हिरोच्या परीक्षेत लेखी पेपरात कमी मार्क पडले म्हणून सगळ्यात खालच्या वर्गात भरती झाला, आणि दुकानातला सेल हुकला की जीव खालीवर. त्याची सीमा ताकदीत नाहीच, जगण्यात आहे. तुम्ही टीशर्ट घेतला आणि हे सोडून दिलं.

आता माझी गोष्ट. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसल, मी सात-आठ वर्ष प्रॉम्प्टर होतो, नट वाक्य विसरला की मागून सांगणारा. विंगेत बसायचं, मांडीवर वही, हातात बॅटरी. आणि खरं सांगू का, प्रॉम्प्टर म्हणजे नाटकातला सर्वशक्तिमानच. कोण कोणत्या पानावर मरते मला माहीत, कोणाचं लग्न मोडणार मला माहीत, चिठ्ठीत काय लिहिलं ते नायिकेच्या आधी मला माहीत. फक्त उठून पडद्यासमोर जाता येत नाही.

तर बाजूच्या गावच्या मंडईत एका सामाजिक नाटकात मोठ्या भावाचं काम करणारा नट होता, चांगला नट, पण त्या हप्त्यातला त्याचा पाचवा जागरणाचा प्रयोग. दुसऱ्या अंकात त्याचं वाक्य होतं "आई, आज मला अडवू नकोस", आणि तो आईला सांगून मुलगी पाहायला जाते. चौथ्या अंकात पण हेच वाक्य होतं, "आई, आज मला अडवू नकोस", पण तिथं तो विष पिते. लिहिणाऱ्यानं मुद्दाम तसं लिहिलं होतं, छान होतं. पहाटे दोनचा टाइम, गड्यानं वाक्य म्हटलं आणि डोक्यातलं पानच पलटलं. मुलगी पाहायला जायच्या जागी त्यानं कोनाड्यातली बाटली उचलली आणि तोंडाला लावली. मी विंगेतून ओरडतो, "ठेव बे, ठेव, लग्न व्हायचं आहे तुझं अजून!" पण जनरेटर विंगेच्या मागंच लावला होता, धडधड धडधड, वरून ऑर्गनवाल्याला वाटलं आज सीन लवकर घेतला, त्यानं पण दुःखाचा सूर धरला. माझा आवाज त्याच्यापर्यंत गेलाच नाही. चार हातावर होता तो माझ्यापासून. तडफडला आणि पडला. बाया पदर डोळ्याला लावून रडायला लागल्या. आणि मी वही घेऊन बसलेला, पुढची साठ पानं मला पाठ, आणि त्या साठ पानांत हा माणूस जिवंत पाहिजे.

वाचवलं कोणी, तर विनोदी काम करणाऱ्यानं. तो एन्ट्री नसताना घुसला, बाटलीचा वास घेतला आणि म्हणे, "वैनी, रडू नका, मोहाची आहे, सकाळी उठते तो." मांडव फुटला हसून. नट उठला, मुलगी पाहायला गेला, लग्न झालं, नाटक पुढं चाललं. मी देवाचे आभार मानले. पण मग चौथा अंक आला. गडी पुन्हा म्हणे "आई, आज मला अडवू नकोस", पुन्हा बाटली, पुन्हा पडला, आणि मागून एक पोरगं ओरडलं, "मोहाची आहे!" सारी मंडई हसली. आई झालेली नटी खरोखर रडत होती, तिच्या डोळ्याला पाणी होतं, आणि लोक हसून राहिले होते. एकदा मेलेला उठला की दुसऱ्यांदा कोणी रडत नाही.

हेच मला सुपरमॅनच्या १९७८ च्या सिनेमात दिसलं. सुरुवातीला त्याला वाढवणारा बाप हार्ट अटॅकनं जाते आणि पोरगा मातीजवळ उभा राहून म्हणते, एवढ्या शक्ती असून मी याले वाचवू नाही शकलो. अंगावर काटा येते. त्याच्या खऱ्या बापानं पण सांगून ठेवलेलं असते की माणसांच्या इतिहासात ढवळाढवळ करायला बंदी आहे. दोन्ही गोष्टी आपण मानून घेतो. आणि शेवटी त्याची आवडती लोइस भूकंपात गाडीसकट गाडली जाऊन मरते तर हा पृथ्वीभोवती उडून वेळच उलटी फिरवते, आणि ती जिवंत. टाळ्या वाजवल्या मी पण, तेव्हा. नंतर सायकलवर घरी येता येता वाटलं, अरे मग बापासाठी काऊन नाही फिरवली? सिनेमा फार चांगला आहे, पण त्या बापाच्या मातीजवळचं वाक्य मला आता पहिल्यासारखं ऐकू येत नाही.

तुमच्या वहीत पान ४१ वर महाबलीची आई मरते आणि पान ४३ वर तो तिला उठवते. मधल्या पान ४२ वर गाणं आहे. गाणं बरं आहे.

तर माझं म्हणणं असं, पाहा पटते का. महाबलीचा जोर कमी नका करू, रेल्वे थांबवू द्या त्याला, पोरांना मजा येते. फक्त एक अट घाला आणि ती पहिल्या अंकात, लोक जागे असताना, चेष्टेतल्या चेष्टेत सांगा: कोणी हाक मारली आणि ती याच्या कानावर पडली, तरच याला जाता येते. हाक नाही तर तो तुमच्या-माझ्यासारखा, मनातलं वाचणं नाही, उद्याचं दिसणं नाही, ते सारं खोडा. मग खलनायकाला ताकद लागतच नाही. त्यानं फक्त गावात लग्नाच्या नावानं डीजे आणायचा आणि रात्रभर वाजवायचा, आपल्याकडं वाजते तसा, छातीत धडधड होईपर्यंत. आणि त्याच रात्री आईनं हाक मारायची. महाबली तिच्यापासून चार घरं दूर, मांडवात, लोकांसोबत नाचून राहिला. पाहणाऱ्याला तिकडं आई दिसते, इकडं हा दिसते, आणि अट तर त्याला पहिल्या अंकापासून माहीत आहे. त्यानं बसल्या जागी बोंबलायला पाहिजे, अरे बंद कर ना ते डीजे. मी विंगेत बसून तसाच बोंबललो होतो.

आणि वाघ ठेवायचाच असेल तर याच अटीत ठेवता येते. जंगल दूर आहे, हाक येत नाही. त्या म्हातारीला निदान कळल की हा का आला नाही. तिला ते पटल का, मला माहीत नाही. तो प्रवेश बायांच्या तोंडी द्या आणि महाबलीला त्यात एक शब्द देऊ नका. लिहायला जमलं नाही तर मला सांगा, आपण मिळून बसू, पण त्या घरी जाऊन आधी विचारून येऊ, चालते का म्हणून. नाही म्हणाले तर वाघ नाही.

वही दुकानात आहे, रविवारी दुपारी या, धान कापणीवरून आल्यावर हातपाय धुऊन या, मागच्या वेळेस पान ९ वर कोणाचा तरी चिखलाचा अंगठा आहे. जिथं जिथं खोडायचं वाटलं तिथं मी पेन्सिलीनं खूण केली आहे, पेननं नाही, त्यामुळं तुम्हाला पटलं नाही तर रबर आहे. टायपिंगचे पैसे नाटकानंतर द्या, पण गणपतीच्या पावती पुस्तकाच्या झेरॉक्सचे अजून यायचे आहेत, ते खजिनदारानं ध्यानात ठेवावं.

आणि जनरेटर यंदा विंगेपासून लांब लावा, शाळेच्या भिंतीमागं. वायर माझ्याकडं आहे.

तुमचा झेरॉक्सवाला काका